मिरज रद्दीत जाऊ देऊ नका

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की शाळांच्या स्टाफरूममध्ये ‘माझे गाव’ या विषयावरच्या प्रकल्पवह्यांचे ढीग लागतात. वरून चकचकीत कव्हर, आत सायबर कॅफेतून छापून आणलेली किल्ल्याची आणि दर्ग्याची चित्रं, प्रस्तावनेत सगळ्यांची तीच चार वाक्यं आणि शेवटी पालकांची सही. गुण दिले जातात, निकाल लागतो आणि मे महिन्यात हे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. त्यातल्या बहुतेक वह्या गेल्या तरी हळहळण्याचं कारण नाही, कारण त्या कुठून ना कुठून उतरवलेल्याच असतात. पण त्याच ढिगात एखादी वही वेगळी निघते. एखाद्या मुलीने रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांना विचारून नॅरोगेजच्या छोट्या गाडीची हकिगत लिहिलेली असते. एखाद्या मुलाने वडिलांच्या कारखान्यात सतारीचा भोपळा कसा कापतात ते पायरीपायरीने नोंदवलेलं असतं. त्या वह्याही त्याच काट्यावर चढतात. आजोबा गेले की ती हकिगत दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

म्हणून मिरजेतल्या सगळ्या शाळांना, पालकांना आणि मिरज सोडून गेलेल्या मिरजकरांना माझं आवाहन आहे. येत्या जूनपासून ‘माझे गाव’ हा प्रकल्प वहीतून बाहेर काढा. सगळ्या शाळांची मिळून मिरजेची एकच वेबसाइट असू द्या. ती आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः माहिती गोळा करून लिहावी आणि दर वर्षी पुढच्या तुकडीने वाढवावी. आणि ती बंद पडू नये, पुसली जाऊ नये, याची जबाबदारी आपण मोठ्यांनी घ्यावी.

मिरजेबद्दल इंटरनेटवर काही नाही असं नाही. किल्ला, दर्गा, जंक्शन, दवाखाने यांची ठोकळ माहिती भरपूर सापडते. पण ती सगळी बाहेरून पाहणाऱ्याची माहिती आहे. गावातल्या माणसांच्या हातात आणि तोंडात जे आहे, ते तिथे नाही.

सतारीचंच पाहा. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. राजवट बदलली, तलवारींचं काम ओसरलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी तो हात वाद्यांकडे वळवला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी आली, सत्कार झाले. पण मानांकनाने नावाचं रक्षण होतं, कसब त्यातून पुढच्या पिढीकडे जात नाही. तो कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. तो वाळवायचा किती, भिजवायचा किती, तोंड कुठे कापायचं, दांडी आणि भोपळा कसा जुळवायचा, हे कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. ते कारागिराच्या बोटांना माहीत असतं.

त्यातही जवारी. वाद्य तयार झालं, नक्षी झाली, पॉलिश झालं, तारा चढल्या, तरी ते अजून बोलत नसतं. कारागीर तार सैल करून बाजूला घेतो, घोडीवर कानसेचा एक हलका हात फिरवतो, तार पुन्हा लावतो आणि छेडतो. मान हलवतो. पुन्हा एक हात. घोडीचा माथा केसभर कमीजास्त झाला की तार तिला कुठे आणि किती वेळ घासते ते बदलतं, आणि त्यासरशी आवाज खुलतो किंवा बंद होतो. तंबोरा असेल तर तारेखाली दोरा सरकवून तो नेमक्या जागी आणतात. ती जागा सापडली की इतका वेळ ‘टण्ण’ करणारी तार गुंजायला लागते. किती घासायचं हे कारागिराला विचारलं तर तो म्हणतो, ‘कान सांगतो.’

हे वहीत लिहून कळणार नाही. पण नववीतली दोन मुलं मोबाइल घेऊन शेजारी बसली, जवारी काढण्याआधीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज आणि नंतरचा अर्ध्या मिनिटाचा आवाज टिपला, मध्ये कारागिराच्या हाताचा व्हिडिओ घेतला आणि हे सगळं एका पानावर ठेवलं, तर बंगालमधल्या सतारवादकापासून साताऱ्यातल्या शाळकरी मुलीपर्यंत कुणालाही जवारी म्हणजे काय ते कानांनी कळेल. वेबसाइटचा हट्ट एवढ्यासाठीच. जे कागदावर मावत नाही, ते तिथे मावतं.

आता रेल्वे. मिरज जंक्शनची जुनी माणसं अजून आहेत, पण दर वर्षी कमी होताहेत. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी 1927 साली मिरजेपर्यंत आली. पंढरीच्या वाऱ्या, कुर्डुवाडीचे सासर-माहेर, लातूरचा धान्यबाजार यांच्याशी मिरज तिनेच जोडली. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही मापं या एका स्टेशनात नांदत होती. एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत चढवायचा तो हमालांच्या पाठीवरून. त्या हमालांच्या आठवणी कुणी लिहिल्या आहेत? एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलं तेव्हा कृष्णेचं पाणी भरून पहिली रेल्वे मिरजेतून निघाली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी, आणि रस्ता जवळपास तोच, ज्याने पूर्वी छोटी गाडी जायची. त्या दिवसांत जलवाहिनी टाकणारे, वाघिणी धुणारे, रात्रपाळी करणारे लोक आज आपल्याच गल्ल्यांत राहतात. दूरदर्शनने गाडी दाखवली. माणसं मुलांनी दाखवावीत.

आणि संगीत. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. मोठमोठे गवई बिदागीची अपेक्षा न ठेवता इथे हजेरी लावून गेले आहेत. त्याच उरुसात गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, पहिला मान चर्मकार समाजाचा असतो. गावाबाहेरच्या किती जणांना हे ठाऊक आहे? तो मान कसा आला, घरात त्याची तयारी कशी चालते, गलेफ कोण शिवतं, हे ज्या घरांत मान आहे त्यांनाच विचारायला हवं.

याशिवाय वॉनलेस डॉक्टरांचं 1894 पासूनचं मिशन हॉस्पिटल आहे. पटवर्धनांच्या संस्थानाचा इतिहास आहे. गणेशोत्सवातल्या त्या अवाढव्य स्वागत कमानी रंगवणारे पेंटर आहेत. कृष्णाघाटावर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा भिंतीवर बोट ठेवून दाखवणारी कुटुंबं आहेत. विषयांची ददात नाही.

मुलांना हे झेपेल का, असं कुणी विचारेल. मिरजेत हा प्रश्न विचारायचा म्हणजे खरेशास्त्रींना विसरायचं. वासुदेवशास्त्री खरे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे मास्तर होते. पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं ते वाचत बसले, नकला करत बसले, आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ती खंडामागून खंड छापत गेले. मराठ्यांच्या उत्तर काळाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या खंडांकडे जावं लागतं. शाळेतल्या एका मास्तराने ते दफ्तर वाळवीच्या तोंडातून सोडवलं. त्यांच्या नावाचं खरे मंदिर गावात आहे. पण त्यांचं काम पुढे चालू ठेवायचं असेल तर या वेळी दफ्तर कागदाचं नाही, माणसांचं आहे, आणि ते वाचायला एक मास्तर पुरणार नाही. शेकडो पोरं लागतील. ती आपल्याकडे आहेत.

शाळकरी मुलांनी आपल्या गावावर वेबसाइट करण्याची कल्पना नवी नाही. ‘इंटरनॅशनल स्कूल्स सायबरफेअर’ नावाचा उपक्रम 1996 मध्ये सुरू झाला. त्यात देशोदेशीच्या शाळांनी आपल्या परिसरातली माणसं, धंदे, वास्तू, संगीत यांवर पानं तयार केली. तशीच ‘थिंकक्वेस्ट’ ही मुलांच्या वेबसाइटची स्पर्धा होती. तिच्या संग्रहात जगभरच्या मुलांनी केलेल्या हजारो वेबसाइट होत्या. 2013 च्या जुलैत तो संग्रह बंद झाला. त्याआधी 2009 मध्ये ‘जिओसिटीज’ बंद झाली आणि सर्वसामान्यांनी हौसेने केलेली लाखो पानं एका फटक्यात गेली. काही लोकांनी धावपळ करून त्यातला मोठा भाग उतरवून ठेवला म्हणून तो आज पाहायला तरी मिळतो. रद्दीवाला फक्त कागदाचाच नसतो, हे त्यातून शिकायला हवं. म्हणून वेबसाइट बनवण्याइतकंच ती टिकवण्याचं नियोजन पहिल्या दिवशीच करावं लागेल.

ते कसं करता येईल, ते सांगतो.

पहिली गोष्ट, विषय लहान घ्या. ‘मिरजेचा इतिहास’ हा विषय दिला की मुलं गुगलकडे वळणारच. पाच-सहा मुलांच्या गटाला एकच प्रश्न द्या. सतारीचा भोपळा शेतातून कारखान्यापर्यंत कसा येतो? छोट्या गाडीतून माल कोणता यायचा? आमच्या गल्लीत पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? लक्ष्मी मार्केटमध्ये सर्वांत जुनं दुकान कोणाचं, आणि ते आधी काय विकायचं? उत्तर इंटरनेटवर मिळत नसेल तर समजा की प्रश्न बरोबर निवडला.

दुसरी गोष्ट, आधी माणसाकडे जा, मग संगणकाकडे. जूनमध्ये विषय ठरवा, जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखती घ्या, दिवाळीच्या सुट्टीत ध्वनिमुद्रण ऐकून जसंच्या तसं उतरवा, डिसेंबरात पानं लिहा, जानेवारीत गावातल्या जाणत्यांकडून तपासून घ्या. संगणकाचा तास शेवटी. मुलाखत ज्याची त्याच्या भाषेत होऊ द्या. मिरजेत मराठी आहे, दखनी आहे, कानडी आहे. घरी दखनी बोलणारी जी मुलगी वर्गात गप्प बसते, तीच सतारमेकरांच्या गल्लीत गटाची म्होरकी होईल. उर्दू माध्यमाच्या शाळा आणि मराठी माध्यमाच्या शाळा एरवी क्रीडास्पर्धेत भेटतात. या कामात त्या एकाच बाकावर बसतील.

तिसरी गोष्ट, प्रत्येक पानाखाली लिहा: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणत्या मुलांनी लिहून घेतलं. खरेशास्त्रींनी प्रत्येक पत्र तारीखवार लावलं म्हणून ते आज उपयोगी पडतं. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही छापा. मुलं चुकतील. चूक कळली की दुरुस्तीची तारीख टाकून दुरुस्त करा, जुनं वाक्य गुपचूप पुसू नका.

चौथी गोष्ट, संमती. ज्याची मुलाखत घेतली त्याला पान वाचून दाखवा आणि त्याची लेखी परवानगी घ्या. कारागिराला एखादं गुपित सांगायचं नसेल तर आग्रह धरू नका, ते त्याच्या पोटापाण्याचं आहे. मुलांचे पत्ते, फोन नंबर, घराचे फोटो वेबसाइटवर नकोत. नाव घालायचं तर पालकांना विचारून, आणि तेही पहिलं नाव पुरे.

पाचवी गोष्ट, अक्षरं युनिकोडमध्येच असू द्या. हे बारीक वाटेल, पण आपल्याकडचा कितीतरी मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडला आहे. एका संगणकावर सुंदर दिसणारा लेख दुसरीकडे उघडला की नुसती खिचडी. स्मरणिका आणि गॅदरिंगचे अंक ज्यांनी डीटीपीवर केले, त्यांना हा ताप माहीत आहे. आज मोबाइलवर जे मराठी टाइप होतं ते युनिकोडच असतं. त्यामुळे मुलांना वेगळं काही शिकावं लागणार नाही, फक्त मोठ्यांनी हौसेने जुने फॉन्ट आणू नयेत.

सहावी गोष्ट, मालकी संस्थेची असू द्या. जी वेबसाइट एका सरांच्या जीमेलवर चालते, ती सरांची बदली झाली की मरते. डोमेनचं नाव, पासवर्ड आणि वार्षिक फी हे सगळं शाळांच्या संयुक्त समितीकडे असावं, आणि दर एप्रिलमध्ये एका समितीने दुसऱ्या समितीकडे ते कागदोपत्री सोपवावं. पानं साधी ठेवा. नाचणारी चित्रं, महागडी सॉफ्टवेअर यांची गरज नाही. साधं एचटीएमएल पान अनेक वर्षांनंतरही उघडतं. वर्षअखेरीला सगळ्या वेबसाइटची एक नक्कल हार्ड डिस्कवर शाळेत आणि दुसरी गावातल्या वाचनालयात ठेवा. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर प्रत्येक पान जतन करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली चढवले तर मराठी विकिपीडियालाही उपयोगी पडतील. चार ठिकाणी ठेवलेली गोष्ट एका ठिकाणी बुडाली तरी उरते.

एक अवघड प्रश्न उरतो. 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून मिरज पेटली होती. मुलं त्याबद्दल विचारतील, आणि विचारलंच पाहिजे, कारण त्यांच्या घरांनी ते सोसलं आहे. ते पान टाळू नका, पण ते मुलांवर सोडूही नका. दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांनी शिक्षकांबरोबर बसून तारखा आणि घटना तेवढ्या नोंदवाव्यात, निवाडा करू नये. त्या पानाशेजारीच दर्ग्यातल्या गाण्याचं पान असेल आणि कमानीच्या पेंटरचंही. गावात हे सगळंच आहे.

आता हरकती. पहिली हरकत वेळेची. प्रकल्प तर आत्ताही करायला लावतातच. जेवढे तास कव्हर चिकटवण्यात जातात तेवढे मुलाखतीत जातील. दुसरी पैशांची. डोमेन आणि जागा यांचा वर्षाचा खर्च एका शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मंडपाच्या भाड्याहून कमी असतो, आणि इथे तो अनेक शाळांत वाटला जाणार आहे. संगणक कमी असतील तरी चालेल, बहुतेक काम घरातल्या एका मोबाइलवर होतं. तिसरी हरकत गुणांची, आणि ती खरी आहे. परीक्षेला उपयोग नसेल तर पालक मुलाला सोडत नाहीत. म्हणून अंतर्गत मूल्यमापनाचे गुण या कामालाच द्या. भाषेच्या शिक्षकांनी लेखन तपासावं, इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनी माहिती. मुलाखत घेणं, ऐकून उतरवणं आणि संक्षेप करणं हा भाषेचा अभ्यास नाही तर दुसरा कशाचा?

आता प्रत्येकाच्या वाट्याचं काम.

मुख्याध्यापकांनी पहिलं पाऊल उचलायचं आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत हा विषय घ्या आणि शेजारच्या दोन शाळांना बोलवा. तीन शाळांनी सुरुवात केली तरी पहिलं वर्ष पार पडेल. आणि या वर्षीच्या वह्या रद्दीत घालण्याआधी एक दुपार काढून चाळा. ज्यात मुलाने स्वतः विचारून लिहिलेलं एक जरी पान असेल, ती वही बाजूला ठेवा. वेबसाइटचा पहिला मजकूर तिथेच मिळेल.

सतारमेकर, रेल्वेतले निवृत्त कर्मचारी, परिचारिका, हमाल, पेंटर, पुजारी, खादिम, तुमच्याकडे पोरं येतील तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवू नका. तासभर बसवा. त्यांचे प्रश्न बावळट वाटले तरी उत्तर द्या.

पालकांनो, प्रकल्प तुम्ही करून देऊ नका. मुलाला सायकलवरून जाऊ द्या.

आणि पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, अमेरिकेत असलेल्या मिरजकरांनो, तुमच्यातले कितीतरी जण वेबसाइट बनवून पोट भरतात. महिन्यातून एक शनिवार या मुलांना द्या. पण मजकुरात हात घालू नका आणि डिझाइनच्या नादाला लागू नका. पानं उघडतात का, नकला वेळेवर घेतल्या जातात का, डोमेनची मुदत संपत आली का, एवढं पाहा. तुमच्या घरात जुने फोटो, संस्थानी कागद, नाटकांच्या जाहिराती असतील तर त्यांचे फोटो काढून मुलांना पाठवा.

हे काम मिरजेचं म्हणून सांगितलं, कारण इथल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आहेत. पण पैठणचे विणकर, सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे, सोलापूरचे गिरणी कामगार यांच्या गावांतल्या शाळांनीही हाच आराखडा उचलावा. परवानगी मागण्याची गरज नाही.

घाई कशाची, असं वाटत असेल तर आपल्या ओळखीतल्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, यांच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाला येत नाही. ती यादी उद्याच शाळेत नेऊन द्या. पहिल्या वर्षाचे विषय त्यातूनच ठरवा, आणि यादीत सर्वांत वयस्कर नाव ज्यांचं, त्यांच्या दारात मुलांचा पहिला गट याच पावसाळ्यात पाठवा.